‘एका कोळियाने’वर निबंध लिहायचाय? आधी दोर खांद्यावर घ्या

मी गोव्यातल्या डिचोलीची. चौथीपर्यंत मराठी शाळा, पुढे इंग्रजी. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’मधल्या (मराठीत ‘एका कोळियाने’) जिद्दीच्या आणि संघर्षाच्या प्रतीकांवर निबंध लिहायला सांगितला. मी नऊ पाने लिहिली. अक्षर सुरेख, समास आखलेला आणि शेवटचे वाक्य ठसठशीत: ‘अखेर म्हाताऱ्याच्या जिद्दीला यश मिळाले.’ कागद परत आला तेव्हा त्या वाक्याखाली लाल पेनने दोनच शब्द लिहिले होते: ‘कुठल्या पानावर?’

बसमध्ये बसून मी पान शोधत राहिले. म्हापसा आले, अस्नोडा गेले, डिचोली आली, पान काही सापडले नाही. वीसपैकी सात मार्क.

त्यानंतर हे छोटेसे पुस्तक मी बऱ्याचदा वाचले, त्यावर दोन वाचनमंडळांत बोलले आणि आता शेजारच्या मुलांचे निबंधही तपासून देते. सगळ्यांचे पाय त्याच खड्ड्यांत पडतात. तुमचे पडू नयेत म्हणून हा लेख.

जवळ काय काय हवे

- मूळ इंग्रजी कादंबरिका. लेखक १९६१ साली वारले आणि आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो. त्यामुळे भारतात मूळ मजकूर आता मुक्त आहे. पण जी प्रत घ्याल ती पूर्ण असू द्या, ‘विद्यार्थ्यांसाठी संक्षिप्त’ नको.
- पु. ल. देशपांडे यांनी केलेला मराठी अनुवाद, ‘एका कोळियाने’ (१९६५). हा मुक्त नाही. विकत घ्या किंवा ग्रंथालयातून आणा. पणजीत पाट्टोला संस्कृती भवनात कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, १८३२ सालापासूनचे. सदस्य नसाल तर ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा घेऊन जा.
- एक वही, दोन रंगांच्या पेन्सिली, खुणेसाठी कागदाच्या पट्ट्या.
- चार-पाच मीटर नायलॉनची दोरी, एक बादली, एक जुने पोते. हसू नका. चौथ्या पायरीला लागेल.

काय नको तेही सांगते. झेरॉक्सच्या दुकानात मिळणारी ती गाइडची पाने नकोत. मासा म्हणजे ध्येय, शार्क म्हणजे संकटे, समुद्र म्हणजे जीवन, मुलगा म्हणजे आशा, असा चार ओळींचा तक्ता त्यात असतो. तो एकदा डोक्यात बसला की पुस्तक दिसेनासे होते. माझी नऊ पाने त्याच तक्त्याला पाणी घालून वाढवलेली होती.

१. पहिल्यांदा पेन्सिल न घेता वाचा

पुस्तक लहान आहे, दोन संध्याकाळी पुरतात. १९५२ मध्ये ते आधी ‘लाइफ’ मासिकाच्या एकाच अंकात पूर्ण छापले होते, यावरून अंदाज करा. पहिल्या वाचनात प्रतीक-बितीक शोधू नका, गोष्ट वाचा. क्यूबातला सांतियागो नावाचा म्हातारा कोळी. ८४ दिवस गळाला एक मासा नाही. मानोलिन नावाचा मुलगा आधी त्याच्या होडीवर असायचा, पण ४० दिवस झाल्यावर आईबापांनी त्याला दुसऱ्या होडीवर पाठवले, कारण म्हातारा पनवती ठरला. ८५व्या दिवशी तो एकटाच फार लांब जातो, त्याला प्रचंड मार्लिन मासा लागतो. तीन दिवसांच्या झुंजीनंतर तो त्याला मारतो, होडीच्या कडेला बांधतो आणि परतताना शार्क तो मासा खाऊन टाकतात. किनाऱ्याला लागतो तो सांगाडा. बस, एवढेच.

या ८४ आकड्यावरून मुले सरळ पुढे जातात. जरा थांबा. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. मालीमच्या जेटीवर ट्रॉलर ओळीने बांधून ठेवलेले असतात आणि बाजारात सुक्या मासळीवर दिवस निघतात. ते दिवस किती लांबतात हे मासे खाणाऱ्या प्रत्येक घराला माहीत आहे. आता त्यात आणखी २३ दिवस घाला, आणि बंदी नसताना, रोज पहाटे होडी पाण्यात लोटून, रोज रिकामे परत येणे घाला. मासा अजून यायचा आहे आणि झुंज सुरू होऊन ८४ दिवस झालेले आहेत. निबंधाची सुरुवात इथून केलीत तर तपासणारा माणूस खुर्चीत सरळ होऊन बसेल.

२. ‘कोळी’ या शब्दाचा चकवा ओळखा

मराठीत वाचणाऱ्यांसाठी हा सगळ्यात मोठा सापळा आहे आणि सगळ्यात मोठी भेटही.

‘एका कोळियाने’ म्हटले की शाळेतली कविता आठवते. तिथला कोळी म्हणजे जाळे विणणारा किडा. उंच जागी चढतो, पडतो, पुन्हा चढतो, आणि शेवटी पोचतो. शाळेत ती आपल्याला कशासाठी शिकवली? प्रयत्न केला की फळ मिळते, हे बिंबवायला. आमच्या वर्गात तर ती म्हणताना शेवटच्या ओळीला आपोआप आवाज चढायचा.

पुस्तकातला कोळी मासे धरणारा आहे. आणि त्याचे नेमके उलटे होते. तो न पडता वर पोचतो आणि पोचल्यावर हातचे जाते. एका शब्दात हे दोन कोळी बसतात आणि आपण नकळत किड्याची गोष्ट म्हाताऱ्यावर चिकटवतो. माझे ते ठसठशीत वाक्य तिथूनच आले होते. पुस्तकातून ते आलेच नव्हते, आले होते तिसरी-चौथीच्या बाकावरून.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर हे दोन कोळी शेजारी शेजारी लिहा. कविता ‘जमेपर्यंत कर’ सांगते. कादंबरिकेतला म्हातारा जमले तरी हाती उरणार नाही हे कळल्यानंतरही सुकाणू सोडत नाही. शार्क येत राहणार हे त्याला पहिल्याच शार्कनंतर कळलेले असते. या दोन जिद्दी वेगळ्या जातीच्या आहेत. मराठी वाचकाला हा फरक शीर्षकातच हाताशी मिळतो, इंग्रजीतून वाचणाऱ्याला मिळत नाही. वापरा तो.

३. दिवसांचा तक्ता करा

दुसऱ्या वाचनाला पेन्सिल घ्या. वहीत चार रकाने: वेळ, मासा काय करतो, म्हाताऱ्याच्या शरीराला काय होते, त्याच्या हातात काय उरते. तीन दिवस आणि तीन रात्री भरा.

हे कंटाळवाणे काम आहे, पण याशिवाय गाडी पुढे जात नाही. पहिल्या दिवशी दुपारी मासा लागतो. दुसऱ्या दिवशी डाव्या हाताला गोळा येतो, हात नख्यांसारखा आवळून बसतो, आणि मासा पहिल्यांदा पाण्याबाहेर दिसतो. होडी १६ फुटांची, मासा तिच्याहून दोन फुटांनी लांब. तिसऱ्या दिवशी मासा गोल फिरू लागतो आणि दुपारच्या सुमारास मरतो. तासाभरात पहिला शार्क. हा क्रम चुकला की निबंध कोसळतो. गोळा हातात आला तो शार्कशी लढताना, असे लिहिलेला एक कागद मी तपासला आहे.

४. वस्तू हातात घ्या: दोर, पाठ, हात, शीड

इथे वेळ घालवा, मीही घालवणार आहे. प्रतीक म्हणजे वस्तूच्या मागे दडवलेला अर्थ, असे आपल्याला वाटते, म्हणून आपण वस्तू बाजूला सारून मागे हात घालतो. या पुस्तकात मागे काही नाही. जे आहे ते वस्तूतच आहे. तिचे काम कसे चालते ते कळले की अर्थ कळला.

*दोर.* म्हातारा चार गळ टाकतो: ४०, ७५, १०० आणि १२५ वाव खोल. वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांमधले अंतर, सहा फूट. हा शब्द मराठीत जिवंत आहे, ‘फॅदम’ लिहीत बसू नका. मासा लागतो तो १०० वावांवर, म्हणजे जवळजवळ १८० मीटर खाली. दोर जाड पेन्सिलीएवढा.

आता महत्त्वाचे. इतका मोठा मासा लागल्यावर तो दोर होडीला का बांधत नाही? होडीला बांधून निवांत बसायचे की! वाचताना मला हा प्रश्नच पडला नव्हता. पुस्तकात उत्तर आहे: बांधला तर मासा झटक्यासरशी तोडील. दोराला कुठेतरी ढील देणारे काहीतरी हवे आणि लाकूड ढील देत नाही. माणसाची पाठ देते. म्हणून तो दोर पाठीवरून घेतो, मासा ओढेल तेव्हा सोडतो, थांबेल तेव्हा धरतो. तीन दिवस त्या दोराची स्प्रिंग म्हणजे त्याचे शरीर.

इथे तुमची बादली. पाण्याने भरा, दोरी बांधा, विहिरीत किंवा गच्चीच्या कठड्यावरून खाली सोडा आणि दोरी खांद्यावरून पाठीवर घेऊन दहा मिनिटे उभे राहा. खाली कोणी उभे नाही हे आधी बघा. मी आमच्या विहिरीवर केले. चौथ्या मिनिटाला दोरी मांसात रुतते, सातव्या मिनिटाला तुम्ही आपोआप पुढे वाकून भार दुसरीकडे नेता. मग पोते घडी करून दोरीखाली घाला. म्हाताराही तेच करतो: खांद्यावर पोते घेतो, दोर त्यावर सरकवतो आणि नाळेला, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, छाती टेकवून बसतो. ती बैठक आधीच्यापेक्षा जेमतेम बरी असते, पण त्याला त्यातच जवळजवळ आराम वाटतो. हा अनुभव आल्यावर ‘सांतियागो सहनशीलतेचे प्रतीक आहे’ असे वाक्य तुमच्याच्याने लिहवणार नाही. तुम्ही पोत्याबद्दल लिहाल.

एक ताकीद. दोरी हाताला गुंडाळू नका. मी एकदा बाणावलीच्या किनाऱ्यावर रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणाऱ्यांत हौसेने घुसले होते आणि दोर मनगटाला वळसा देऊन धरला. शेजारचा म्हातारा रापणकार ओरडलाच: “दोर हाताक गुठलावचो न्हय, बाये! दोर वता, हातय वता.” दोर गेला की हातही जातो. त्याने माझी बोटे सोडवून दाखवले: मूठ अशी धरायची की सोडायची झाली तर क्षणात सुटावी. तोवर मला जिद्द म्हणजे घट्ट धरणे वाटे. सांतियागोही योग्य वेळी सोडत राहतो म्हणूनच मासा त्याच्याकडे राहतो. दोर कधी सुटतो आणि कधी धरला जातो, त्या प्रत्येक जागेला हिरवी खूण करा. हाच तुमच्या निबंधाचा पाठीचा कणा.

*हात.* पहिल्याच पानांवर त्याच्या हातांवरचे व्रण येतात: दोराने जड मासे ओढताना पडलेले आणि सगळे जुने. एकही ताजा नाही. ८४ दिवसांचा रिकामा हिशेब त्याच्या तळव्यांवर लिहिलेला आहे. शेवटी मानोलिन सकाळी झोपडीत येतो, म्हाताऱ्याचा श्वास चालू आहे हे बघतो, मग त्याचे हात बघतो आणि रडू लागतो. बाहेर किनाऱ्यावर बाकीचे कोळी सांगाडा मोजताहेत, नाकापासून शेपटीपर्यंत १८ फूट. मुलगा तिकडे जात नाही. तो आधीच तिथे जाऊन आला आहे, पण त्याला रडू येते ते हात बघून. ही दोन पाने समोरासमोर उघडी ठेवून एक परिच्छेद लिहा. कुठल्याही गाइडात तो नसेल.

*शीड.* पिठाच्या पोत्यांची ठिगळे लावलेले शीड. गुंडाळले की कायमच्या पराभवाचे निशाण दिसावे तसे दिसते, असे लेखक सुरुवातीलाच म्हणतो. मुले हे वाक्य उचलतात आणि शीड तिथेच टाकून देतात. त्याचा पाठपुरावा करा. मासा कडेला बांधल्यावर तेच ठिगळांचे शीड वर चढते, वारा भरून घेते आणि होडी घराकडे चालू लागते. पराभवाचे निशाण उलगडले की काम करते! आणि अगदी शेवटी ते पुन्हा गुंडाळून डोलकाठीसकट त्याच्या खांद्यावर येते. एक वस्तू तीन जागी. प्रतीक शोधायचे तर असे शोधावे, वस्तूच्या मागे मागे चालत.

५. शार्क मोजू नका, हत्यारे मोजा

‘शार्क म्हणजे संकटे’ इथपर्यंत सगळे येतात. आपण मोरीचे, म्हणजे लहान शार्कचे, आंबटतीख चवीने खाणारी माणसे, शार्कची भीती आपल्याला सिनेमातूनच आलेली. पुस्तकात सगळे शार्क सारखे नाहीत. पहिला माको: देखणा, कशालाही न भिणारा. म्हाताऱ्याला त्याच्याबद्दल एक प्रकारचा आदरच आहे. पुढचे गालानो, मेलेले खाणारे, त्यांची त्याला किळस येते. हा फरक निबंधात आला पाहिजे, नाहीतर संघर्ष म्हणजे नुसती हाणामारी होते.

पण खरी गोष्ट त्याच्या हातातल्या सामानात आहे. तिसऱ्या पायरीच्या तक्त्यातला शेवटचा रकाना बघा. माकोबरोबर हारपून (मासा मारायचा भाला) जाते, दोरासकट, आणि माशाचे ४० पौंड मांसही. मग वल्ह्याला सुरी बांधतो. ती मोडते. मग सोटा. रात्री तो हातातून जातो. मग सुकाणूचा दांडा उपटून मारतो, तोही फुटतो, तर उरलेले टोक खुपसतो. प्रत्येक हत्यार आधीच्यापेक्षा साधे आहे आणि शेवटचे तर हत्यारच नाही, होडी हाकायचे अवजार आहे. आणि हे कशासाठी? मध्यरात्री टोळी येते तेव्हा निम्मा मासा आधीच गेलेला असतो आणि आता लढून उपयोग नाही हे त्याला कळलेले असते.

‘माणूस उद्ध्वस्त होईल, पण हरणार नाही’ या अर्थाचे त्याचे प्रसिद्ध वाक्य इथे येते, पहिल्या शार्कनंतर. पोस्टरवर छापलेले असते ते. ते घ्या, हरकत नाही, पण त्याच्या शेजारी पुढचे दुसरे वाक्य ठेवा: मी फार लांब गेलो, असे तो माशाला म्हणतो आणि माफी मागतो. झाडून सगळे पहिले वाक्य लिहितात. दुसरे लिहिणारा मला आजवर एकच मुलगा भेटला, साखळी गावचा, आणि त्याला मी काहीही शिकवले नव्हते. जिद्दीचीच किंमत माशाने चुकवली, हे म्हाताऱ्याला स्वतःला टोचते. हे सोडून लिहिलेला निबंध म्हणजे सत्काराचे भाषण.

६. समुद्र ‘ती’ आहे हे विसरू नका

स्पॅनिशमध्ये समुद्राला दोन्ही लिंगे चालतात. म्हातारा ‘ला मार’ म्हणतो, स्त्रीलिंगी, प्रेमाने. तिच्याबद्दल वाईट बोलायचे तरी बाईबद्दल बोलावे तसे. तरुण कोळी, ज्यांच्याकडे तरंगते बोये आणि मोटरबोटी आहेत, ते ‘एल मार’ म्हणतात, पुल्लिंगी, प्रतिस्पर्ध्याबद्दल बोलावे तसे. मराठीत समुद्र, सागर, दर्या सगळे पुरुष, त्यामुळे ही जागा मराठी वाचकाच्या हातून सहज निसटते. आपल्याला ते नाते नदीपाशी भेटते. मांडवीला कोणी ‘तो’ म्हणून बघा.

गोव्यातल्या वाचकाला इथे आणखी एक धागा मिळतो. १९७०च्या दशकात ट्रॉलर आले, रापणकारांचे मासे किनाऱ्याजवळूनच ओढून नेऊ लागले, आणि माथानी साल्ढाणा यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन झाले. १९८०च्या कायद्याने किनाऱ्यालगतच्या पाच किलोमीटरात ट्रॉलरना मनाई आली. ‘ला मार’ आणि ‘एल मार’ म्हणणारी माणसे आपल्याकडेही आमनेसामने उभी होती. हे दोन ओळींत लिहा आणि सोडा. एका वाचनमंडळात मी यावरच वीस मिनिटे बोलत राहिले आणि सांतियागो होडीतच बसून राहिला. अध्यक्षांनी दोनदा घड्याळ बघितले.

७. क्रूस: जेवढा आहे तेवढाच घ्या

आपण वाटेवर खुरीस बघत वाढलो, त्यामुळे या खुणा गोव्याच्या मुलांना लगेच दिसतात. सांतियागो हे नाव संत याकोबाचे, येशूच्या शिष्यांपैकी एक कोळी. शार्क दिसल्यावर म्हाताऱ्याच्या तोंडून जो आवाज निघतो, तो तळव्यांतून लाकडात खिळा जाताना माणसाच्या तोंडून निघावा तसा असल्याचे लेखक सरळ लिहितो. डोलकाठी खांद्यावर घेऊन चढ चढताना तो पडतो, झोपडीपर्यंत पोचायला पाच वेळा बसतो, आणि हात पसरून, तळवे वर करून पालथा झोपतो.

म्हणजे खुणा आहेत, कोणी ओढूनताणून आणलेल्या नाहीत. पण ‘सांतियागो म्हणजे येशू’ असे लिहिलेत की पुढचा प्रश्न येणार: मग पुनरुत्थान कुठे? त्याला उत्तर नाही. शिवाय म्हातारा स्वतः म्हणतो की मी काही धार्मिक नाही, आणि तरी मासा मिळाला तर दहा वेळा ‘आमच्या बापा’ आणि दहा वेळा ‘नमो मारिया’ म्हणायचे कबूल करतो. हा सौदा मला फार आवडतो. आमच्याकडे शांतादुर्गेला नारळ कबूल करतात तसाच. तेव्हा लिहायचे ते असे: त्या चढावरचे दुःख केवढे हे सांगायला लेखकाने वाचकाच्या ओळखीचे एक चित्र उसने घेतले आहे. एवढे पुरे.

८. सिंह आणि डिमॅजिओ

थोडक्यात, कारण इथे चूक एकच होते. सिंह म्हणजे ताकद, असे लिहू नका. म्हाताऱ्याच्या स्वप्नात आता वादळे, मोठे मासे, झुंजी, बायको, काही येत नाही. पोरवयात आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पाहिलेले सिंह येतात, आणि ते संध्याकाळी मांजराच्या पिल्लांसारखे खेळत असतात. झुंज नसलेली ती एकमेव जागा आहे.

डिमॅजिओ हा बेसबॉलचा खेळाडू. आपल्याला बेसबॉल कळत नाही म्हणून तो भाग गाळू नका. तो कोळ्याचा मुलगा आणि टाचेतले हाड वाढलेले असताना खेळला, एवढे कळले की पुरते.

९. ‘यात प्रतीक नाही’ असे लेखकच म्हणाला, तर?

तोंडी परीक्षेला हा प्रश्न हमखास येतो. सप्टेंबर १९५२ मध्ये कलासमीक्षक बर्नार्ड बेरेन्सन यांना लिहिलेल्या पत्रात हेमिंग्वे यांनी म्हटले आहे की यात प्रतीक-बितीक काही नाही. समुद्र म्हणजे समुद्र, म्हातारा म्हणजे म्हातारा, शार्क म्हणजे शार्क. नोबेल मिळाले त्या वर्षी, १९५४ मध्ये, ते आणखी म्हणाले की मनुके घातलेला पाव ठीक आहे, पण साधा पाव जास्त चांगला. म्हणजे प्रतीके आधी ठरवून मनुक्यांसारखी खुपसायची नाहीत. खरा म्हातारा आणि खरा मासा नीट उभा केला तर त्यातून पुष्कळ अर्थ निघतील.

हे ऐकून मुले गारठतात. गारठू नका. आपल्या पोदेराची (पाववाल्याची) साधी पोई, म्हणजे गव्हाचा पाव, घ्या, तिच्यात मनुका नसतो म्हणून चव नसते का? चौथ्या पायरीला दोरी खांद्यावर घेतली असेल तर तुमच्याकडे उत्तर तयार आहे. दोर दोरच आहे. म्हणूनच तो इतके सांगतो.

१०. लिहायला बसताना

पहिल्या वाक्यात ‘जागतिक साहित्यात अजरामर’ नको. १९५३चे पुलित्झर आणि पुढचे नोबेल एका ओळीत उरका. तीन वस्तू निवडा, सगळ्या नको. मी हात, दोर आणि शीड घेईन. तुम्हाला हत्यारे जवळची वाटली तर ती घ्या. प्रत्येक वस्तू पुस्तकात कुठे कुठे येते ते पानांसह लिहा, आणि दर वेळी तिचे काम बदलते का ते सांगा. ‘प्रतीक’ हा शब्द पूर्ण निबंधात पाचपेक्षा जास्त वेळा आला तर खोडायला घ्या.

शेवट सांगाड्यावर करणार असाल तर तिथली पर्यटक बाई विसरू नका. टेरेसवरून तिला तो लांब पांढरा कणा आणि शेपूट दिसते. वेटर शार्कने काय केले ते सांगू पाहतो, आणि तिला वाटते हा शार्कचाच सांगाडा आहे. काय सुंदर शेपूट असते, म्हणते. तीन दिवसांची सगळी झुंज तिच्यासमोर पडलेली आहे आणि तिने नाव चुकीचे वाचले. तो परिच्छेद लिहिताना मला दर वेळी माझी नऊ पाने आठवतात.

तोंडी परीक्षेला पुस्तक बरोबर न्या, पट्ट्या लावून. हिरवी पट्टी दोराच्या पानाला, दुसऱ्या रंगाची हातांच्या दोन्ही पानांना. कोणी ‘कुठल्या पानावर?’ विचारले तर उघडून दाखवता आले पाहिजे.